वाघिणीचं दार

वॅगन हा शब्द आपल्याकडे आला आणि त्याची वाघीण झाली. परक्या शब्दाला मराठीने इतकं अस्सल रूप दिल्याची उदाहरणं थोडीच. मालधक्क्यावर आयुष्य काढलेल्या माणसाकडून लहानपणी ‘आज दोन वाघिणी खाली केल्या’ असं ऐकलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पट्टेरी जनावरच आलं होतं. पुढे कळलं की ही वाघीण लोखंडाची असते, तिला आठ चाकं असतात आणि माणसाची तिच्याशी गाठ पडते ती दारापाशी.

नालासोपाऱ्यातल्या तुळिंजला राहणाऱ्याला वाघिणी बघायला लांब जावं लागत नाही. नालासोपारा स्थानकात उभं राहिलं की लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या मधून एखादी मालगाडी धडधडत निघून जाते. पुढे वसई रोड. तिथून एक फाटा जूचंद्र, कामण, भिवंडीवरून दिव्याकडे आणि पनवेलकडे जातो. उत्तरेकडून पश्चिम रेल्वेने आलेला माल मुंबईच्या गर्दीत न शिरता याच वळणाने पलीकडे निघतो. त्या गाडीचे डबे तपकिरी आणि वरून बंद असतील तर आत धान्य, खत किंवा सिमेंट असण्याची शक्यता मोठी. तेव्हा आपलं लक्ष इंडिकेटरवर असतं. एकदा त्या डब्यांच्या दारांकडे नीट पाहावं.

रेल्वेच्या भाषेत हा डबा म्हणजे ‘बीसीएन’. बी म्हणजे बोगीवर चालणारा, सी म्हणजे बंदिस्त आणि एन म्हणजे हवेच्या दाबाचे ब्रेक असलेला. त्याचीच सुधारलेली आवृत्ती ‘बीसीएनए’, आणि या शतकात आलेला ‘बीसीएनएचएल’. बीसीएनए रिकामा असताना साडेचोवीस टनांचा असतो आणि मूळ हिशेबाप्रमाणे ५६.७३ टन माल घेतो. बीसीएनएचएल रिकामा २०.८ टनांचा, पण माल घेतो ७०.८ टन. अंग हलकं झालं आणि पोट मोठं झालं. स्टेनलेस स्टीलचा पत्रा आणि पत्रा न तापवता वाकवून केलेले भाग यांमुळे ते साधलं. अशा ५८ डब्यांच्या रेकमधून, म्हणजे अख्ख्या गाडीतून, चार हजार टनांच्या आसपास धान्य जातं. भारतीय अन्न महामंडळाची गोणी ५० किलोची. म्हणजे एका डब्यात चौदाशे गोण्या आणि रेकमध्ये ऐंशी हजार. यातली प्रत्येक गोणी दारातून दोनदा जाते, एकदा आत आणि एकदा बाहेर, आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही वेळा माणसाच्या डोक्यावरून किंवा पाठीवरून.

डब्याचं वजन, चाकांवरचा भार, गाडीचा वेग यांवर भरभरून लिहिलं जातं. दारावर कोणी फारसं लिहीत नाही. मला मात्र वाटतं की धान्याच्या वाघिणीत सगळ्यात अवघड भाग दारच आहे, कारण त्याच्याकडून ज्या अपेक्षा आहेत त्या एकमेकींशी भांडतात.

पहिली अपेक्षा पावसाची. आमच्या भागाला पाऊस समजावून सांगावा लागत नाही. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि अडकलेल्या वडोदरा एक्स्प्रेसमधल्या प्रवाशांना बाहेर काढायला आपत्ती प्रतिसाद दलाला यावं लागलं. धान्य बिघडायला मात्र इतका पाऊस लागतच नाही. गहू खरेदी करताना ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यापुढे १४ टक्क्यांपर्यंत किंमत कापून घेतात आणि त्याच्याही पुढे नाकारतात. दोनचार टक्क्यांच्या या खेळात दाराच्या फटीतून आलेलं तांब्याभर पाणीही एका गोणीचा घात करतो. भिजलेली गोणी तापते, तिला बुरशी धरते आणि ती शेजारच्या गोण्यांनाही बिघडवते.

हे पाणी येतं कसं? घराच्या दाराशी पाऊस वरून खाली पडतो. धावत्या डब्यावर तो आडवा येतो, पत्र्यावर पसरतो आणि ओघळत दाराच्या वरच्या कडेशी पोचतो. तिथे त्याला अडवायला पुढे आलेली कड, आपल्या जुन्या घरांच्या वळचणीसारखी, नसेल तर पाणी सरळ फटीत शिरतं. थोडं पाणी बारीक फटीत स्वतःहूनच ओढलं जातं, जसं ते वातीत चढतं. उरलेलं उंबरठ्यावर साचतं. उंबरठ्याचा उतार आतल्या बाजूला असेल तर पहिल्या थराच्या गोण्या भिजल्याच म्हणून समजा. रबराची पट्टी लावून हा प्रश्न सुटेल असं वाटतं, पण उन्हाने रबर कडक होतं आणि गोण्या ओढण्याच्या हुकाने ते फाटतं. मला जास्त भरवसा वाटतो तो आकारावर. दाराच्या दोन पाखांपैकी एक दुसऱ्यावर चांगलं चार बोटं चढलेलं असावं, आत शिरलेल्या पाण्याला दोन वळणं घ्यावी लागावीत, आणि उंबरठा बाहेरच्या बाजूला उतरता व भोकं पाडलेला असावा. पत्र्याला दिलेला बाक रबरासारखा म्हातारा होत नाही.

दुसरी अपेक्षा आतल्या मालाची. गोण्यांची थप्पी भिंतीसारखी दिसते, पण ती भिंत नसते. हजार-दीड हजार किलोमीटरच्या प्रवासात ब्रेक लागतात, डबे एकमेकांवर आदळतात, थप्पी सरकते आणि दारावर रेलते. दार बाहेर उघडणारं असल्यामुळे हा सगळा रेटा कडी-कोयंड्यावर आणि बिजागऱ्यांवर येतो. मग मालधक्क्यावर कडी निघत नाही. पहारीने किंवा हातोड्याने ती उघडावी लागते, आणि तशी उघडली की पुढच्या वेळी ती आणखी वाकडी बसते. शेवटी ती निघते तेव्हा दारामागे टेकलेली गोणी खाली येते. खाली कोण उभं असतं, हे सांगायला नको.

म्हणून या विषयात माथाडी कामगार आला नाही तर तो विषयच अपुरा राहतो. डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या माणसांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्याबरोबरच्या कामगारांचा लढा होता. त्या कायद्याने मजुरी, नोंदणी, भविष्य निर्वाह निधी यांचा प्रश्न हातात घेतला. पूर्वीची शंभर किलोच्या घरातली पोती जाऊन ५० किलोची गोणी आली, हीदेखील मोठी सुधारणा. पण ती गोणी ज्या दारातून काढायची त्या दाराची उंची, कडीची जागा, उंबरठा आणि धक्का यांच्यातलं अंतर हे सगळं नकाशावर ठरतं. नकाशा आखणाऱ्याने ती कडी कधी ओल्या हाताने उघडून पाहिलेली असेलच असं नाही.

तिसरी अपेक्षा रुळांच्या शेजारची. उघडं राहिलेलं किंवा वाटेत निखळलेलं दार शेजारच्या फलाटावर, खांबावर, समोरून येणाऱ्या गाडीवर आपटू शकतं. स्थानकांवर रेल्वेचे कर्मचारी जाणाऱ्या मालगाडीकडे टक लावून पाहतात आणि गार्डाशी झेंड्याची खूण बदलतात, त्यामागे काही लोंबकळत तर नाही ना, हेही पाहणं असतं. विरार ते वसई या पट्ट्यात फलाटाच्या कडेला माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. इथे दाराच्या कडीला दुसरी, स्वतंत्र राखण हवीच. पहिली निसटली तरी दार धरून ठेवणारी, आणि लागली आहे की नाही ते लांबून रंगावरून कळणारी.

कुणी म्हणेल, मग सरकतं दार करा, नाहीतर गाळ्याला असतं तसं रोलिंग शटर. नालासोपारा पूर्वेच्या गाळ्यांमधून शटर आणि ग्रिल बनवणारे कारागीर भरपूर आहेत, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे अगदी साहजिक. पण शटर आतून येणारा टनाचा रेटा सोसत नाही. त्याच्या पट्ट्या पोक काढतात, खाचेतून सुटतात आणि पट्टीपट्टीतून पाणी येतं. सरकतं दार बाहेर झुकत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याची खाच सिमेंट आणि खताच्या भुकटीने भरते आणि दार अडतं. परदेशांत आधी चौकटीत घट्ट बसणारं आणि उघडताना थोडं बाहेर येऊन मग सरकणारं दार वापरतात. ते पाणी उत्तम अडवतं. मात्र त्यात भाग जास्त, आणि जिथे दाराला पहार लागते तिथे नाजूक यंत्रणा किती टिकेल, याची मला शंका आहे. शिवाय कारागिराला ठाऊक असलेली एक गोष्ट नकाशात हरवते. दार बहुतेक वेळा दारामुळे बिघडत नाही, चौकट वाकल्यामुळे बिघडतं. हलक्या डब्यात दारासाठी कापलेली मोठी जागा हाच सगळ्यात दुबळा भाग असतो. तिथली चौकट जाड केल्याशिवाय नवी कडी लावणं म्हणजे ओल न काढता भिंत रंगवणं.

हे सगळं धान्य गोणीतून जातं म्हणून. सुटं धान्य न्यायचं ठरवलं की दाराची जागाच बदलते. आपल्या घरातल्या पत्र्याच्या कोठीला वर झाकण आणि खाली बोळक्याएवढं तोंड असतं. वरून ओता, खालून काढा. रेल्वेने हीच कोठी चाकांवर ठेवली. अमेरिका आणि कॅनडात कितीतरी दशकं सुटा गहू साध्या बंद डब्यातून जाई. बाजूच्या दारात आतून लाकडी फळ्या ठोकायच्या, वरच्या फटीतून धान्य भरायचं आणि उतरवताना फळ्या फोडून फावड्याने ओढायचं. नंतर पोलादी पट्ट्यांनी मजबूत केलेले जाड कागदाचे पडदेही आले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सदर्न रेल्वेने ‘बिग जॉन’ नावाचा, अॅल्युमिनियमचा, शंभर टनांच्या घरातला, वरून भरायचा आणि खालून रिकामा होणारा डबा आणला आणि त्याच्या जोरावर धान्याचा दर मोठ्या प्रमाणात उतरवायची परवानगी मागितली. त्यावरून वर्षानुवर्षं कज्जा चालला. कॅनडा सरकारने १९७२ पासून असे डबे स्वतः विकत घेतले.

आपल्याकडचं उदाहरण तुळिंजहून फार लांब नाही. अन्न महामंडळाने २००५ मध्ये अदानी अॅग्री लॉजिस्टिक्सशी करार केला. पंजाबात मोगा आणि हरियाणात कैथल इथे प्रत्येकी दोन लाख टनांचे सायलो, म्हणजे सुट्या धान्याची उंच कोठारं, आणि गहू उतरवण्याच्या ठिकाणांपैकी एक नवी मुंबईत तळोज्याला, ५० हजार टनांचं. यासाठी खालून उघडणारे खास डबे बांधले गेले. इथे गोणी नाही, हूक नाही, पाठ नाही.

या खालच्या दाराचं गणित मला फार आवडतं. गव्हाचा ढीग ओतला तर त्याची उतरण साधारण २५ ते २८ अंशांची होते. डब्याचा तळ याहून बराच तीव्र हवा, नाहीतर कोपऱ्यात धान्य अडकून बसतं. तळाशी सरकतं दार. त्याच्यावर तीन मीटर गहू असेल तर दर चौरस मीटरला सव्वादोन टनांच्या वर भार येतो. दार एका चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं धरलं तरी सातशे-आठशे किलो. पोलादावर पोलाद घासतं तेव्हा त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा जोर धरू, म्हणजे अडीचशे किलोची ओढ. एकट्या माणसाला ती जमणार नाही. दातेरी पट्टी आणि चक्र बसवून तिचा दहावा हिस्सा केला की हाताला पंचवीस किलो येतं, आणि ते जमतं. प्रत्यक्षात भार थोडा कमी भरतो, कारण धान्य आपलं काही वजन घासून भिंतींवर टाकतं. यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९५ साली कोठारांसाठी हे गणित मांडलं. पाण्याच्या टाकीत जितकं खोल जावं तितका दाब वाढतो, धान्याच्या उंच कोठारात तो काही खोलीनंतर वाढायचा थांबतो. पण गव्हाचा दाणा जाडीला जेमतेम तीन मिलिमीटर. दार तेवढं जरी सैल बसलं तरी मोग्यापासून तळोज्यापर्यंत रुळांवर गव्हाची रेघ उमटेल.

मग सगळीकडे हेच का नाही? खालून उघडणारी वाघीण गहू सोडून दुसरं फारसं काही नेऊ शकत नाही. ती तळोज्याहून रिकामी परतते. बीसीएन मात्र मनमाडच्या किंवा कळंबोलीच्या गोदामात गहू उतरवून जाताना खत किंवा सिमेंट घेऊ शकते. दुसरं कारण म्हणजे तळाशी खड्डा, पट्टा आणि सायलो असल्याशिवाय ते दार उघडायचं कुठे? रेशनचं धान्य तालुक्याच्या गोदामापर्यंत गोणीतूनच जाणार असेल तर कुठेतरी ते गोणीत भरावंच लागतं. आणि १९८७ च्या कायद्याने धान्यासाठी तागाचं पोतं धरून ठेवलं आहे. त्यामागे बंगालच्या ताग शेतकऱ्यांचा आणि गिरणी कामगारांचा प्रपंच आहे. त्यामुळे पुढची अनेक वर्षं बाजूचं दार राहणार. ते चांगलं करणं भाग आहे.

डब्याच्या कुशीवर अकरा आकडी क्रमांक लिहिलेला असतो. त्यातला पाचवा आणि सहावा आकडा बांधणीचं साल सांगतो. फलाटावरून तो वाचता येतो, आणि ज्या वर्षी आपण शाळेत होतो त्या सालची वाघीण अजून गहू वाहताना दिसते. लखनौच्या संशोधन संस्थेत, आरडीएसओत, आज दाराचा जो नकाशा मंजूर होईल तो तीसेक वर्षं धक्क्यांवर वागवला जाईल. माझी मागणी साधी आहे. नवं दार मंजूर करण्यापूर्वी त्यावर नळाने फवारा मारून पाणी शिरतं का बघावं, आणि तेवढ्यावर थांबू नये. खच्चून भरलेली वाघीण हजार किलोमीटर फिरवून जुलैत एखाद्या मालधक्क्यावर आणावी, तिथल्या टोळीला पहार न देता ती उघडायला सांगावी, आणि दार उघडताना ते कुठे उभे राहतात हे शेजारी उभं राहून पाहावं. दाराच्या समोर उभं न राहता त्यांना कडी काढता आली तर नकाशावर सही करावी.