श्रावणातलं माप, वळवातली वीज

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘आमच्या अपार्टमेंटच्या वीज अटकाव यंत्रणेची तपासणी दरवर्षी ऑगस्टमध्ये होते. यंदा ठेकेदाराने सॉफ्टवेअर आणलंय. मोबाइलवर हिरवी खूण येते, खाली लिहिलेलं असतं ३ ओहम. म्हणजे काळजी मिटली ना?’

ऑगस्टपुरती मिटली. पण कोल्हापुरात विजांचा खरा कडकडाट असतो तो एप्रिल-मेच्या वळवात, आणि मग परतीच्या पावसात. श्रावणातल्या झडीत त्या मानाने आकाश शांत असतं आणि नेमकी तेव्हाच जमीन चिंब असते. ओल्या मातीतून वीज सहज पसरते, म्हणून मीटरवर आकडा लहान दिसतो. वळवाआधी तीच काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला कोळसा आणि मीठ सुकून जातं आणि रोध चढतो. समजा, तो ३ वरून १२ ओहमवर गेला. वीज पडताना साधारण ३०,००० अँपिअर प्रवाह वाहतो असं धरलं, तर अर्थिंगचा विद्युतदाब ९०,००० व्होल्टऐवजी ३ लाख ६० हजार व्होल्टवर उसळेल. एवढा दाब मग पाण्याच्या पाइपात, लिफ्टच्या वायरिंगमध्ये, जिथे सापडेल तिथे वाट काढतो. श्रावणात विहिरीचं पाणी मोजून चैत्राची सोय झाली म्हणावं, तसा हा प्रकार.

जमीनही सगळीकडे सारखी नाही. पंचगंगेकाठची काळी माती वेगळी आणि पन्हाळ्याचा, गगनबावड्याचा जांभा वेगळा. जांभ्यात पाणी टिकत नाही, त्यामुळे तिथे १० ओहमची रूढ मर्यादा गाठायलाच घाम फुटतो. वर गगनबावड्याचा पाऊस असा, की सांधे गंजायला वेळ लागत नाही.

सॉफ्टवेअर यात काय करतं? खरं तर बरंच. प्रत्येक रॉड, प्रत्येक पट्टी, प्रत्येक टेस्ट लिंकला क्रमांक मिळतो. फोटोवर वेळ आणि ठिकाण उमटतं. मागच्या पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी दिसतात. आपल्याकडे लागू असलेलं आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक सांगतं, की पहिल्या दोन संरक्षण वर्गांतल्या इमारतींची डोळ्यांनी पाहणी दरवर्षी आणि संपूर्ण तपासणी दर दोन वर्षांनी व्हावी. पुढच्या दोन वर्गांसाठी हेच अंतर दोन आणि चार वर्षांचं. साखर कारखान्याची चिमणी, इस्पितळ, शाळा, पाण्याच्या टाक्या अशा शंभर ठिकाणांच्या तारखा एका माणसाने डायरीत सांभाळणं अवघडच.

पण आकडा तयार कसा होतो, तेही एकदा जवळून पाहा. टेस्ट लिंकचे बोल्ट सोडून पट्टी वेगळी करायची, अर्थिंगपासून ठरावीक अंतरांवर दोन खिळे जमिनीत ठोकायचे, मेगर मीटरच्या वायरी जोडायच्या. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘बादली आण रे.’ खड्ड्यात पाणी पडतं, काटा खाली येतो, फोटो निघतो, हिरवी खूण उमटते. फोटोत बादली नसते.

माणसाच्या अशा विसरभोळ्या आणि सोयीस्कर स्वभावावर ज्याने इलाज शोधला, त्याचं नाव पाठ्यपुस्तकात नाही. विजेचं सगळं श्रेय बेंजामिन फ्रँकलिनच्या पतंगाने उडवून नेलं! मला मात्र प्लिमथचा डॉक्टर विल्यम स्नो हॅरिस जास्त आवडतो. त्याच्या काळी ब्रिटिश जहाजांवर वीजवाहक म्हणून तांब्याची साखळी असे, पण ती असे पेटीत. वादळ दिसलं की खलाशाने ती काढून डोलकाठीवर चढवायची. वादळात शिडं सांभाळावीत की साखळी शोधावी? बहुधा ती पेटीतच राहायची आणि लाकडी डोलकाठीच्या चिरफळ्या व्हायच्या.

हॅरिसने १८२० मध्ये सुचवलं, की तांब्याच्या पट्ट्या डोलकाठीतच कायमच्या बसवा आणि थेट जहाजाच्या तळापर्यंत न्या. कुणाला काही आठवावंच लागू नये. नौदलाच्या साहेबांना हे पटेना. मग हा गडी जहाजांच्या नोंदवह्या पालथ्या घालत बसला. कोणत्या जहाजावर वीज कधी पडली, कुठून शिरली, काय मोडलं, कोण मेलं, अशा दोनशेहून अधिक घटना त्याने गोळा केल्या. डार्विनला घेऊन १८३१ मध्ये निघालेल्या ‘बीगल’वर त्याच्याच पट्ट्या होत्या. तरी नौदलाने त्या सरसकट स्वीकारायला १८४२ उजाडलं. लोक त्याला ‘थंडर अँड लाइटनिंग हॅरिस’ म्हणत. वीज-संरक्षणातला पहिला मोठा डेटाबेस कुणी रचला असं विचाराल, तर माझं मत त्यालाच.

हॅरिसने नोंदलं ते घडलेलं. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेकदा नोंदलं जातं ते ‘तपासलं’. दोन तपासण्यांच्या मधे गच्चीवर सोलर पॅनेल येतं आणि रॉडच्या छत्राबाहेर राहतं. वॉटरप्रूफिंगवाला क्लॅम्प काढतो, तो परत लावत नाही. तांब्याची पट्टी चोर कापून नेतो. मीटरपेटीतल्या सर्ज प्रोटेक्टरची छोटी खिडकी हिरव्याची लाल होते, पण ती पेटी वर्षभर कुणी उघडत नाही. हे बदल टिपण्यासाठी गच्चीचे जुने-नवे फोटो शेजारी ठेवणारं सॉफ्टवेअर हवं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं वीज टिपणाऱ्या संवेदकांचं जाळं आणि ‘दामिनी’ ॲप आहेच. शेतात, उघड्यावर असणाऱ्यांसाठी ते मोलाचं आहे. २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ बळी घेतले. जवळपास वीज पडल्याची नोंद झाली की आपल्या यादीतल्या इमारतींना ‘पाहणी करा’ असा निरोप जावा, एवढं जोडकाम जमण्यासारखं आहे.

त्याऐवजी विकलं जातं भलतंच. एकच ‘प्रगत’ रॉड बसवा, शंभर मीटरच्या पुढे संरक्षण मिळेल, असं सांगून स्क्रीनवर सोसायटीभोवती मोठं वर्तुळ काढून दाखवतात. मार्टिन उमन आणि व्लादिमीर राकोव्ह या विजेच्या नामांकित अभ्यासकांनी २००२ मध्येच असल्या दाव्यांची चिरफाड केली आहे, आणि ६२३०५ हे मानकही अशा रॉडला साध्या रॉडपेक्षा जास्त गुण देत नाही. स्क्रीनवरचं वर्तुळ वीज अडवत नाही.

आता वाचकाच्या ऑगस्टबद्दल. ब्रिटनच्या बीएस ६६५१ या जुन्या मानकात एक झकास युक्ती होती : दोन तपासण्यांतलं अंतर बारा महिन्यांपेक्षा किंचित कमी ठेवा, म्हणजे ऋतू आपोआप बदलत जातो. अकरा महिने धरले, तर यंदा ऑगस्ट, मग जुलै, जून आणि चौथ्या खेपेला मे. सॉफ्टवेअरमध्ये हा बदल करायला ठेकेदाराला मिनिटही लागणार नाही. पण चौथ्या खेपेपर्यंत थांबू नका. येत्या एप्रिलमध्येच एक जादा माप घ्यायला सांगा, सोसायटीचा एखादा सभासद तिथे उभा करा आणि बादली घरी ठेवा. आकडा १० च्या वर गेला तर ठेकेदाराशी वाद घालू नका, खड्डा दुरुस्त करून घ्या. हिरव्या खुणेपेक्षा तो लाल आकडा तुमच्या जास्त उपयोगाचा आहे.