विश्लेषण : पॉन्टून बोटीचे इंजिन सुरू होते, पण बोट पळत का नाही?

शिरढोण (पनवेल) : पावसाळाभर ताडपत्रीखाली असलेली बोट पाण्यात उतरते. इंजिन दुसऱ्या झटक्यात सुरू होते, आवाजही ओळखीचा. पण थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला तरी बोट नुसती सरकत राहते. धक्क्यावरचा कुणीतरी लगेच सांगतो, ‘इंजिन गेलं.’ खर्चाचा आकडा ऐकून मालकाला घाम फुटतो. प्रत्यक्षात अशा वेळी दोष अनेकदा इंजिनाच्या बाहेर असतो आणि तो शोधायला महागडी यंत्रे लागत नाहीत. फक्त तपासणीचा क्रम चुकवून चालत नाही. तो क्रम कोणता, ते पाहू.

मंदावलेले इंजिन ही नुसती गैरसोय का नाही?

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल सोडले की शिरढोण लागते, मग कर्नाळ्याचा सुळका आणि पुढे खारपाड्याच्या पुलाखाली पाताळगंगा. ही नदी धरमतर खाडीला मिळते. रायगडच्या अशा खाड्यांत पाणी एका जागी थांबत नाही. भरतीला आत येते, ओहोटीला बाहेर ओढते.

समजा, बोटीचा नेहमीचा वेग ताशी १८ किलोमीटर आहे आणि तो घसरून ८ वर आला. ओहोटीचा प्रवाह ताशी ४ किलोमीटर असेल, तर प्रवाहाविरुद्ध परतताना हातात उरतात फक्त ४. जाताना अर्ध्या तासात कापलेले अंतर परतताना काही तास खाते. तेवढ्यात पाणी उतरले, तर बोट गाळात रुतते. त्यामुळे ‘आजच्या दिवस चालवून घेऊ’ हा विचार खाडीत महागात पडू शकतो.

पॉन्टून बोट वेगळी कशी?

दोन किंवा तीन लांब, पोकळ नळकांडी आणि त्यावर सपाट डेक, अशी या बोटीची साधी रचना असते. डेक ऐसपैस आणि स्थिर असल्याने सहली, जलाशयातील फेरफटका, पाण्यावरील पाहणी अशा कामांना ती सोयीची. पण याच रचनेत दोन अडचणी दडलेल्या असतात.

पहिली, नळकांड्यात पाणी शिरले तरी ते वरून दिसत नाही. वेल्डिंगला बारीक चीर असेल किंवा ड्रेन प्लग सैल असेल, तर पाणी हळूहळू साठते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. तिकीट न काढलेला दीड माणूस बोटीत बसल्यासारखेच. बोट एका बाजूला कलत असेल किंवा पाण्यात नेहमीपेक्षा खोल बसत असेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी ती किनाऱ्यावर घेऊन प्लग उघडून पाहावा.

दुसरी, नळकांड्यांचा बराच पृष्ठभाग पाण्यात असतो. बोट महिनाभर खाऱ्या पाण्यात उभी राहिली, की त्यावर शेवाळ आणि कठीण कवचाचे जीव चिकटतात. तळ खरखरीत झाला की इंजिन पूर्ण ताकद लावूनही वेग मिळत नाही.

निदानाची सुरुवात कुठून करायची?

दोन आकड्यांपासून. एक, पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, म्हणजे आरपीएम. दोन, बोटीचा वेग, जो मोबाइलच्या जीपीएसवरही कळतो. इंजिनासोबतच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम किती असावा, ते दिलेले असते. अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांसाठी ही मर्यादा ५००० ते ६००० च्या आसपास असते.

आता दोन शक्यता उरतात.

• आरपीएम भरपूर, पण वेग नाही : इंजिन ताकद देते आहे, ती पाण्यापर्यंत पोहोचत नाही. संशय पंख्यावर.

• आरपीएमच चढत नाही : एकतर इंजिनावर बोजा जास्त आहे किंवा इंजिन ताकद देत नाही. संशय वजन, तळ, इंधन, ठिणगी आणि थंड करणाऱ्या पाण्यावर.

एवढ्या एका नोंदीने निम्मी शोधाशोध वाचते. वाऱ्याचा आणि प्रवाहाचा परिणाम वगळण्यासाठी वेग दोन्ही दिशांना मोजून सरासरी काढावी.

आरपीएम चढतो, वेग नाही : पंख्यात काय पाहायचे?

आधी इंजिन बंद करावे, किल्ली काढावी, आपत्कालीन दोरीही काढून ठेवावी. मगच पंख्याला हात लावावा.

पंख्याच्या मागे आसाभोवती मासेमारीची तंगूस किंवा प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली आहे का, ते पाहावे. पात्याची कड दगडावर आपटून वाकली असेल, तरी पाण्याची पकड कमी होते. तंगूस आसावरच्या रबरी सीलला कापते आणि मग गिअरबॉक्समध्ये पाणी जाते. गिअर तेल दुधी दिसले, तर ते पाणी शिरल्याचे लक्षण समजावे.

अनेक पंख्यांच्या मध्यभागी रबरी बुश असतो. पंखा दगडावर आपटला तर गिअर वाचावेत, यासाठी तो असतो. तो झिजला की आत आस फिरतो, पण बाहेर पंखा घसरतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. आतल्या भागापासून बाहेरच्या भागापर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारायची आणि बोट जोरात चालवून आणायची. रेघ तुटून दोन तुकडे पुढेमागे झाले, तर बुश गेला.

इंजिन गरजेपेक्षा वर बसवलेले असेल, तर पंखा हवा ओढतो आणि फेस करत नुसता फिरतो. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती साधारणपणे बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली हवी.

पंख्याचा आकारही महत्त्वाचा. त्यावर ‘११ × १३’ असे आकडे असतात. पहिला व्यास इंचांत, दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा सैद्धांतिकदृष्ट्या किती इंच पुढे जाईल तो आकडा. पिच जास्त म्हणजे सायकल कायम मोठ्या गिअरमध्ये चालवण्यासारखे. जड पॉन्टूनला जास्त पिचचा पंखा लावला, तर आरपीएमच चढत नाही. ढोबळ हिशेबाने पिच १ इंचाने कमी केली की आरपीएम १५० ते २०० ने वाढतो.

आरपीएम चढत नाही : इंधनाची वाट कुठे अडते?

तळ स्वच्छ, नळकांडी कोरडी आणि माणसे मर्यादेत असतील, तर इंधनाकडे वळावे. टाकीपासून सुरुवात करावी.

• टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? तो बंद असेल, तर टाकीत निर्वात तयार होतो. इंजिन काही मिनिटे छान चालते, मग दम तोडते. झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर चोर सापडला.

• इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा चालत्या इंजिनात चपटा होतो का? होत असेल, तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे.

• इंजिन दम तोडत असताना सोबत्याने फुगा दाबला आणि इंजिनाने लगेच उचल घेतली, तर इंधन पंप कमजोर असू शकतो.

• पाणी वेगळे करणारा फिल्टर शेवटचा कधी बदलला? आठवत नसेल, तर आजच बदलावा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि डेकखाली साचून राहते. त्यामुळे ही सगळी तपासणी मोकळ्या हवेत, विडी-सिगारेट आणि ठिणगीपासून दूर करावी.

ई-२० पेट्रोलचा यात हात किती?

देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते. ते अलीकडे आणून २०२५ मध्ये गाठले गेले. मात्र अनेक आउटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. आपल्या इंजिनाची मर्यादा तपासणे हे त्यामुळे पहिले काम.

इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्या हिशेबाने ई-२० मध्ये ऊर्जेची घट सहा-सात टक्क्यांची. बोटीचा वेग निम्म्यावर आला असेल, तर एवढ्या घटीने त्याचे उत्तर मिळत नाही. खरी अडचण साठवणुकीची आहे. इथेनॉल ओलावा धरून ठेवते. टाकीत पाणी प्रमाणाबाहेर गेले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. इंजिन इंधन ओढते ते तळातूनच. जुन्या नळ्या आणि गॅस्केटही इथेनॉलने मऊ पडू शकतात आणि त्यांचे कण कार्ब्युरेटरचे बारीक छिद्र बुजवतात.

खात्री करण्यासाठी टाकीच्या तळातील थोडे इंधन काचेच्या बाटलीत काढून १५ मिनिटे स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला, तर त्यात नवे पेट्रोल ओतून भागत नाही. टाकी रिकामी करून साफ करावी लागते. जूनमध्ये बोट वर काढताना टाकीत उरलेले पेट्रोल ऑक्टोबरमध्ये वापरू नये.

ठिणगी, केबल आणि गाळ

स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढराफटक म्हणजे इंधन कमी पडून इंजिन तापते आहे. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर बंद पडला, तर निम्म्याहून अधिक ताकद जाते, पण इंजिन चालूच राहते. चालत्या इंजिनाची प्लगची वायर मात्र ओढू नये. जोराचा झटका बसतो आणि इग्निशनचा भागही जळू शकतो.

इंजिन बंद ठेवून एकाने लिव्हर पूर्ण पुढे करावा, दुसऱ्याने थ्रॉटलची झडप पूर्ण उघडते का ते पाहावे. केबल गंजून किंवा ताणून झडप अर्धीच उघडत असेल, तर सगळा दोष तेवढाच.

आपल्या खाड्यांचा खास शत्रू म्हणजे गाळ. इंजिन बाहेरचे पाणी ओढून थंड होते आणि मागून पाण्याची बारीक पिचकारी सुटते. ती मंद झाली, तर छिद्र तारेने साफ करावे. तरीही फरक नाही पडला, तर पाण्याच्या पंपातील रबरी पंखी झिजली असावी. अनेक नव्या इंजिनांत तापमान वाढले किंवा तेलाचा दाब घटला, की यंत्रणा स्वतःच आरपीएम रोखते आणि बीप वाजवते. अशा वेळी मंदावलेले इंजिन बिघडलेले नसते, ते स्वतःला वाचवत असते. बीप बंद करून पुढे रेटणे म्हणजे इंजिन हाताने जाळणे.

जमिनीवर इंजिन तपासताना नळाचे पाणी जोडल्याशिवाय ते क्षणभरही चालवू नये. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने आतून धुणे ही सवयच हवी.

मेकॅनिककडे कधी, चाचणी कुठे?

कॉम्प्रेशन कमी-जास्त असणे, गिअर तेल दुधी होणे, इंजेक्टर किंवा संगणकीय यंत्रणेचा दोष ही कामे जाणकाराची. त्याच्याकडे जाताना आरपीएम, वेग, प्लगचे फोटो आणि बाटलीतील इंधन सोबत न्यावे. ‘पळत नाही’ एवढ्यावर तो अंदाजाने भाग बदलत जाईल. नोंदी दाखवल्या तर निदान होईल.

दुरुस्तीनंतरची चाचणीही गंभीरपणे घ्यायला हवी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि डझनाहून अधिक जणांचे प्राण गेले. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि तिच्यावरील नियंत्रण सुटले होते. तेव्हा चाचणी प्रवाशांविना, इतर बोटींपासून दूर, भरतीच्या पाण्यात आणि लाइफ जॅकेट घालूनच करावी. सोबत वल्ही, नांगर आणि चार्ज केलेला मोबाइल असावा.

बोट उत्तम चालत असेल, त्या दिवशी पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम, वेग आणि माणसांची संख्या वहीत लिहून ठेवावी. पुढे कधी बोट मंदावल्यासारखी वाटली, तर ती खरोखर मंदावली आहे की नाही, हे सांगायला त्या दिवसाचे तीन आकडे पुरेसे ठरतात.