हाडात लपलेला दात

आरशासमोर उभे राहा आणि मोठ्ठा आ करा. जेवढे दिसतात तेवढेच दात आपल्याकडे आहेत, असं वाटतं ना? छे! सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात दुधाचे 20 दात असतात आणि त्याच वेळी खाली हाडाच्या आत कायमचे दात घडत असतात. अशा प्रत्येक दाताभोवती एक पातळ पिशवी असते. दात वर आला की पिशवीचं काम संपलं.

पण एखादा दात अडकतो. बहुतेकदा खालची अक्कलदाढ, नाहीतर वरचा सुळा. मग दाताचा माथा आणि पिशवी यांच्यामध्ये पाणी साचू लागतं. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगते, तशी ही पिशवी आजूबाजूचं पाणी आत ओढून फुगते. तिच्या दाबाने भोवतीचं हाड हळूहळू झिजतं. हीच सिस्ट. मोठी लबाड! बहुधा दुखतच नाही. एका बाजूचा दात कधीच उगवला आणि दुसऱ्या बाजूची जागा महिनोन्‌महिने रिकामीच, तेव्हा शंका येते.

अशा वेळी छत्रपती संभाजीनगरची माणसं घाटी रुग्णालय गाठतात. तिथल्या आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे. दातांचे डॉक्टर यासाठी ओपीजी नावाचा एक्स-रे काढतात. आपण हनुवटी टेकवून गप्प उभं राहायचं, यंत्रच डोक्याभोवती फिरतं. दोन्ही जबडे एकाच लांबट चित्रात! त्यात दात पांढरे, सिस्ट काळसर गोल आणि तिच्यात दाताचा फक्त माथा बुडालेला. पण दुसऱ्या काही गाठीही अगदी अश्शाच दिसतात. म्हणून पिशवीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय नक्की काही सांगता येत नाही.

सुजेमागे काय निघेल याचा खरंच नेम नाही. 2014 मध्ये जालन्यापलीकडच्या बुलढाणा जिल्ह्यातला 17 वर्षांचा मुलगा जबडा सुजला म्हणून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेला. ती सिस्ट नव्हती, दातांचीच गाठ होती. सुमारे सात तासांत तिच्यातून 232 लहानमोठे दात निघाले!

सिस्टचा उपाय काय? मोठ्या माणसांची सिस्ट बहुधा अडकलेल्या दातासकट काढून टाकतात. मुलांच्या बाबतीत मात्र डॉक्टर जमेल तिथे दात वाचवतात. 1892 मध्ये कार्ल पार्श या जर्मन शल्यचिकित्सकाने सांगितलेली युक्ती आजही चालते : पिशवीला फक्त एक खिडकी पाडायची. आधी तो भाग बधिर करतात, घाबरू नका. पाणी वाहून गेलं की दाब संपतो, हाड पुन्हा भरू लागतं आणि दाताचं मूळ अजून वाढत असेल, तर तो दात पुष्कळदा आपला आपणच वर सरकतो.

याला काही महिने लागतात. तोवर खिडकी धुऊन स्वच्छ ठेवायची आणि अधूनमधून एक्स-रे काढायचा. एवढं करूनही दात आळशीपणा करत असेल, तर त्याला छोटं बटण चिकटवून तारेने हळूहळू ओळीत ओढून आणतात.