निसर्गोपचाराला जाताना औषधांची फाईल सोबत हवी

निसर्गोपचार केंद्रातली पहिल्या दिवशीची तपासणी नेहमीच्या दवाखान्यापेक्षा बरीच लांबते. झोप किती लागते, पोट रोज साफ होतं का, रात्रीचं जेवण किती वाजता, चहा किती वेळा, काम बैठं की उभ्याचं, अशी चौकशी होते. मग वजन, रक्तदाब आणि उपचारांचा कागद: पोटावर मातीची पट्टी, एनिमा, टबात बसून कंबर नि ओटीपोट गार पाण्यात ठेवायचं कटिस्नान, आणि जेवणाला उकडलेल्या भाज्या, ताक, एखादी भाकरी. या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एकच प्रश्न: सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? तो जिथे विचारलाच जात नाही, किंवा विचारून डॉक्टरांशी न बोलता ‘आजपासून बंद करा’ असं सांगितलं जातं, तिथून रुग्णाने परत फिरावं. निसर्गोपचार निरुपयोगी आहे म्हणून मी हे म्हणत नाही. त्यातला आहाराचा भाग खरोखर परिणाम करतो, म्हणूनच हा आग्रह.

अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ या अभ्यासात फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध असा आहार आठ आठवडे दिला, तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी 11 ने उतरला. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत वजन उतरवायला अगदी कमी उष्मांकाचा आहार दिलेल्या टाइप 2 मधुमेहींपैकी 46 टक्क्यांची साखर वर्षभरानंतर औषधांशिवाय आटोक्यात होती. तिथेही गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, हे खरं. पण तो निर्णय ठरलेल्या नियमांनुसार होता, साखरेवर लक्ष होतं, ती चढली तर गोळ्या पुन्हा सुरू करायची तयारी होती, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. आता उलट चित्र पाहा. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन एखादा माणूस दिवसभर ताक आणि भाजीच्या सूपवर राहिला, तर दुपारपर्यंत त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपू शकते. गोळीचा डोस पोटात जाणाऱ्या अन्नाच्या हिशेबाने दिलेला असतो. अन्न घटलं की तोही नव्याने ठरवावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, नैसर्गिक गोष्टींनी अपाय कसा होईल? दुधीभोपळ्याचाच रस घ्या. कडू निघालेल्या दुधीत कुकरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि असा रस प्यायल्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. पहिला घोट कडू लागला की पेला ओतून द्यावा. ‘शरीरातली विषद्रव्यं काढतो’ हा दावाही तपासून घ्यावा. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. ते काम मातीची पट्टी करत नाही. पट्टीने बरं वाटतं, विसावा मिळतो, तेवढंच श्रेय तिला द्यावं. दुसरा आक्षेप असा की पथ्य घरी पाळता येतं, मग पैसे कशाला घालवायचे? ज्याला जमतं त्याने घरीच पाळावं. पण सणवार, पाहुणे आणि रात्री दहाचं जेवण यांत अनेकांचं पथ्य मोडतं. त्यांना काही दिवस ठरल्या वेळी जेवायला, झोपायला लावणारी जागा उपयोगी पडते.

महाराष्ट्रातली अशी सर्वांत नावाजलेली जागा म्हणजे पुण्याजवळचा उरुळी कांचनचा आश्रम. 1946 च्या मार्चमध्ये गांधीजी तिथे आले आणि पुढे मणिभाई देसाईंनी तो वाढवला. गांधीजींची या उपचारांवरची श्रद्धा दक्षिण आफ्रिकेपासूनची, लुई कूने आणि ॲडॉल्फ युस्ट या जर्मनांच्या पुस्तकांतून आलेली. तरीही जानेवारी 1924 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात आंत्रपुच्छाचा दाह झाला तेव्हा ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. कर्करोगाच्या बाबतीत तर हा विवेक सुटता कामा नये. मुळात बऱ्या होण्याजोग्या कर्करोगावर केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांना मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट असल्याचं येल विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीसारखा केंद्रीय कायद्याने नेमलेला आयोग निसर्गोपचाराला नाही, म्हणून पदवीची चौकशी रुग्णालाच करावी लागते. बी.एन.वाय.एस. हा इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो केला आहे का, हे सरळ विचारावं, आणि नेहमीच्या डॉक्टरांचा फोन नंबर फाईलच्या पहिल्या पानावर लिहून न्यावा.