सनदेतलं गाव

उत्तर आयर्लंडमध्ये फॉइल नदीकाठच्या डेरी शहराच्या तटावर चढायला तिकीट नाही. घेर जेमतेम दीड किलोमीटर. दर्शनी दगड, आत मातीची भर, वर ऐसपैस वाट आणि मधूनमधून तोफा. त्यातली ‘रोअरिंग मेग’ लंडनच्या मासळीवाल्यांच्या गिल्डने 1642 साली पाठवलेली. मासळीवाल्यांनी तोफ पाठवावी, यातच गावाची सगळी कुळकथा आली.

डेरी म्हणजे ओकची राई. 1607 साली ह्यू ओ’नील, रॉरी ओ’डॉनेल हे अल्स्टरचे आयरिश सरदार जहाजात बसून परागंदा झाले. राजा पहिल्या जेम्सने त्यांचा मुलूख खालसा केला आणि तिथे इंग्लंड-स्कॉटलंडचे प्रॉटेस्टंट वसवायला घेतले. खर्चाचं काय? डेरीचा भार लंडनच्या गिल्डांच्या गळ्यात मारला. सोनार, शिंपी, किराणावाले, मासळीवाले, सगळ्यांच्या वाट्याला जमिनी आल्या. 1613च्या सनदेने ‘डेरी’ला ‘लंडन’ चिकटलं. त्याच साली जहांगिराच्या फर्मानाने इंग्रजांना सुरतेत वखारीची मुभा मिळाली. तिथे निदान परवानगी मागावी लागली होती.

तट उभा राहिला तो बेदखल झालेल्या आयरिशांच्या धास्तीने. मधोमध ‘डायमंड’ चौक आणि तिथून निघालेले चार रस्ते चार मूळ वेशींना भिडतात. डिसेंबर 1688मध्ये कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सचं सैन्य आलं, तेव्हा तेरा उमेदवार कारागीर पोरांनी वेशी लावून घेतल्या. पुढे 1689च्या वेढ्यात माणसं भुकेने, रोगराईने मेली. पण तट पडला नाही; 105 दिवसांनी वेढा उठला. प्रॉटेस्टंट आजही तो विजय मिरवणुकीने साजरा करतात.

पश्चिमेच्या बुरुजावर मात्र थांबाच. वेढ्यातला गव्हर्नर वॉकर याचा स्तंभ इथे होता. 1973मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने तो सुरुंगाने उडवला. उरला नुसता चौथरा. खाली उतारावर बॉगसाइड, म्हणजे दलदलीकडची वस्ती. ती कॅथलिकांची. वर्षानुवर्षं त्यांनी मान वर करून या तोफा पाहिल्या. 30 जानेवारी 1972 रोजी त्याच गल्ल्यांत नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि तेरा जण जागीच गेले.

रस्त्यांवरच्या पाट्यांवर ‘लंडन’ला अनेकदा रंग फासलेला दिसतो. 1984मध्ये नगरपालिकेने स्वतःच्या नावातून ते गाळलं. शहराचं काय, हा वाद बेलफास्टच्या उच्च न्यायालयात गेला. 2007 साली निकाल लागला: सनदेतलं नाव कायम.