सतरा आकड्यांची रांगोळी

लातूरला शिकवणीसाठी राहणारी माझी भाची दिवाळीला नांदेडला घरी आली होती. पुढ्यात फराळाचे ताट, पण हातात मात्र सरावाची वही! मी म्हटले, “बाळ, 111111111 ला त्याच संख्येने गुणून दाखव पाहू. कागदावर हं!”

नऊ ओळी मांडल्या, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. बेरीज आली 12345678987654321. नऊपर्यंत चढायचे आणि तसेच उतरायचे!

ती खुदकन हसली. पण लगेच म्हणाली, “मामा, हे परीक्षेला येतं का?”

आता काय सांगावे? मी तिला एका शाळामास्तरांची गोष्ट सांगितली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर 1905 साली डहाणूला जन्मले. 1962 पर्यंत देवळालीच्या शाळेत त्यांनी शिकवले. संशोधनाची मोठी पदवी त्यांच्यापाशी नव्हती. संख्यांचे वेड मात्र होते. अशा संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ म्हटले. मुंबईपासून सुमारे 30 मैलांवरच्या ज्या स्टेशनात ही कल्पना सुचली, त्याचेच ते नाव! पुष्कळ विद्वानांना हा पोरखेळ वाटे. पुढे 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले.

त्यांच्याच रीतीने आमची संख्या तपासून पाहा. तिच्या सतरा आकड्यांची बेरीज 81. आणि 81 ने तिला भागले, तर भाग नि:शेष जातो! भागाकार येतो 152415789971041. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो, ती कापरेकरांची ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी संख्या.

आता 81 ने भागण्याऐवजी गुणा. येतात 999999998000000001. हा 999999999 चा वर्ग. त्याचे मधोमध दोन तुकडे करून मिळवा: 999999998 आणि 1. पुन्हा 999999999! 45 चा वर्ग 2025, आणि 20 अधिक 25 पुन्हा 45, तसेच हे. अशांना आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

रात्री दिवे लावून झाले, तरी भाची दिसेना. पाहतो तो अंगणात रांगोळीने 1, 121, 12321 अशा ओळी उतरत होत्या. मला पाहताच ओरडली, “मामा, दहा एकं घेतली तर मोडतं! 1234567900987654321 येतं. मधला आठ गेला कुठे?” क्षणभर थांबली आणि स्वत:च म्हणाली, “कळलं! मधल्या घरात दहा होतात, म्हणून हातचा येतो. तो पुढच्या नवात मिळाला की तिथेही दहा, आणि तो हातचा आठात मिळून त्याचा नऊ होतो!”

परीक्षेचा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. मीही आठवण दिली नाही.

वाचकहो, भाऊबीजेला मुले जमतील, तेव्हा एक पेन्सिल आणि पाठकोरा कागद पुढे ठेवून पाहा. या गणिताला गुण मिळत नाहीत, पण कापरेकरांचे सारे आयुष्य याच आनंदावर चालले. 1986 साली ते गेले. त्यांच्या संख्या मात्र अजून मुलांना अंगणात अडवून धरतात.