वस्तीशी जोडलेली शाळा

वस्ती बदलली की शाळेचा पट बदलतो. काही कुटुंबे गाव सोडून जातात, काही नव्याने येतात. त्यांची बोली निराळी, चालीरीती निराळ्या. अशा वेळी शाळेने काय करावे, या प्रश्नाचे एक मननीय उत्तर न्यूयॉर्क शहरातील ईस्ट हार्लेम या भागात मिळाले.

लिओनार्ड कोव्हेलो यांचा जन्म १८८७ साली दक्षिण इटलीत झाला. बालपणीच ते न्यूयॉर्कला आले. त्यांचे मूळ आडनाव ‘कोविएल्लो’. शाळेत उच्चाराच्या सोयीसाठी त्यातील एक अक्षर गाळले गेले. मुलाने प्रगतिपत्रक घरी आणले, तेव्हा आईवडिलांना फार वाईट वाटले. आपल्या घराची लाज वाटू लागणे, हाच जणू त्या शाळेतील पहिला धडा होता, हे कोव्हेलो पुढे विसरले नाहीत.

१९३४ साली ते ईस्ट हार्लेममधील बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल या मुलांच्या विद्यालयाचे पहिले मुख्याध्यापक झाले. वस्ती दाट, घरे जुनी व अंधारी, बहुतेक पालक इटालियन मजूर. मुलगा शाळा का सोडतो, याचे कारण वर्गात सापडत नसून घरी व गल्लीत सापडते, असे त्यांचे मत होते. म्हणून विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी गल्लीगल्लीची पाहणी करून नकाशे तयार केले. शाळेजवळील रिकामी दुकाने घेऊन, ती स्वच्छ करून, तेथे वाचनालय व पालकांसाठी बैठकीची जागा केली. शाळेची पायरी चढण्यास संकोचणारा बापही तेथे येऊन बसू लागला. चांगल्या घरांच्या मागणीत शाळेने पुढाकार घेतला. १९४१ साली त्या भागात ईस्ट रिव्हर हाउसेस ही सार्वजनिक वसाहत उभी राहिली. १९४२ साली विद्यालयासही नवी इमारत मिळाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन कुटुंबांची संख्या घटू लागली आणि प्वेर्तो रिकोहून स्पॅनिश बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आली. जुन्या व नव्या रहिवाशांत तेढ वाढली. १९४५ साली गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांत मारामाऱ्याही झाल्या. तरीही पूर्वी इटालियन भाषेला दिलेला मान शाळेने आता स्पॅनिश भाषेलाही दिला. कोव्हेलो १९५६ साली निवृत्त झाले. पुढे विद्यालयाची स्थिती खालावत गेली व १९८२ साली ते बंद झाले. एका व्यक्तीच्या उत्साहावर उभे असलेले कार्य टिकविण्यास ते अनेकांच्या हाती सोपवावे लागते, हाही यातील बोध होय.

आपल्याकडे बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात व हंगाम संपल्यावर परततात. एका गावचा पट घटतो, तर कारखान्याच्या परिसरातील शाळेसमोर अनोळखी मुले उभी राहतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरित मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. दाखला येण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असेही हा कायदा सांगतो. तेव्हा शिक्षकांना पुढील गोष्टी सहज करता येतील :

(१) हंगामापूर्वी वस्तीचा नकाशा काढून कोणते कुटुंब कोठे व किती दिवसांसाठी जाणार, याची नोंद ठेवावी.
(२) मागे राहणाऱ्या मुलांची आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात सोय होते किंवा नाही, हे समितीच्या सभेत पाहावे.
(३) पालक शाळेत येत नसतील तर बैठक पारावर, देवळात किंवा कोपीवर घ्यावी.
(४) नव्या मुलाचे नाव त्याच्या घरी जसे उच्चारतात, तसेच हजेरीपत्रकात लिहावे.

यातील शेवटच्या गोष्टीस पैसा लागत नाही, मंजुरीही लागत नाही. परंतु ही शाळा आपली आहे, हे त्या मुलाला प्रथम कळते ते तिथेच.